जंगलांमधलं जंक्शन

मीरा रोड-भाईंदरच्या माणसाला जंक्शन म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. दादरच्या पुलावर ज्याचा खांदा रोज घासला जातो, त्याला ठाऊक असतं की दादरला कुणी मुक्कामाला जात नाही. तिथे गाडी बदलायची असते. पण तेच स्टेशन तासभर ठप्प झालं, तर विरारपासून कल्याणपर्यंत सगळे लटकतात. स्टेशनाची किंमत त्याच्या आकारावर ठरत नाही, तिथून फाटे किती फुटतात यावर ठरते.

या प्रकरणात ज्या जंगलात जायचं आहे, ते असंच एक जंक्शन आहे. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प, जिल्हे गोंदिया आणि भंडारा. सोसायटीत कुणी ताडोबाला निघालं की वाघ किती दिसले हे विचारायला लोक जिन्यात थांबतात. नागझिऱ्याला निघालो म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "ते कुठे आलं?"

ते कुठे आहे, हाच खरं तर या प्रकरणाचा विषय आहे.

घोडबंदरहून गोंदियाला

आम्ही चौघं एप्रिलमध्ये दोन दिवसांची सवड काढून निघालो. आमच्याकडून सोयीची वाट म्हणजे काशिमिऱ्याहून घोडबंदर रस्त्याने ठाणं गाठायचं आणि संध्याकाळची विदर्भ एक्स्प्रेस पकडायची. हा रस्ता जंगलातूनच जातो, पण रोज जाणाऱ्याला त्याचं भान नसतं. ठाण्याकडे जाताना उजव्या हाताला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आणि डाव्या हाताला, खाडीच्या बाजूला, त्याच उद्यानाचा तुटून पडलेला तुकडा. त्याला वन खात्यात नागला ब्लॉक म्हणतात. आमचं लक्ष मात्र ट्रॅफिककडे आणि घड्याळाकडे होतं. वाघ बघायला हजारेक किलोमीटर लांब जाणारी माणसं बिबट्याच्या दारातून घाईघाईने निघून गेली. या रस्त्याकडे शेवटी परत यायचं आहे.

रात्रभर गाडी धावते आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत गोंदिया येतं. गोंदिया हे रेल्वेच्या भाषेतही जंक्शन आहे. मुंबई-हावडा ही मुख्य लाइन तिथून जाते. एक फाटा उत्तरेला बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरकडे वळतो. दुसरा दक्षिणेला अर्जुनी, वडसा, नागभीड, चंद्रपूर करत बल्लारशाला पोचतो. फलाटावरचा हा नकाशा लक्षात ठेवा. उत्तरेच्या फाट्याच्या अंगाने कान्हा आणि पेंचची जंगलं आहेत, दक्षिणेच्या फाट्याच्या अंगाने ब्रह्मपुरी आणि ताडोबाची. इंग्रजांनी रूळ टाकले ते लाकूड, धान्य आणि माणसं वाहून न्यायला. पण ज्या दिशांनी ते गेले, साधारण त्याच दिशांनी वाघही फार पूर्वीपासून ये-जा करत आले आहेत. आगगाडीचं जंक्शन गोंदिया, आणि वाघांचं जंक्शन तिथून तासा-दीड तासावर, नागझिरा.

सहातला एक

व्याघ्र प्रकल्प ही योजना देशात १ एप्रिल १९७३ रोजी सुरू झाली. पहिल्या नऊ जंगलांत महाराष्ट्रातलं एकच होतं, मेळघाट. पुढे ताडोबा-अंधारी, पेंच, सह्याद्री, नवेगाव-नागझिरा आणि बोर अशी भर पडत आज राज्यात सहा व्याघ्र प्रकल्प आहेत. नवेगाव-नागझिरा डिसेंबर २०१३ मध्ये यादीत आला. त्याची घडण जरा वेगळी आहे. नागझिरा, नवीन नागझिरा, कोका आणि नवेगाव ही अभयारण्यं आणि नवेगाव राष्ट्रीय उद्यान असे पाच तुकडे एकत्र करून हा प्रकल्प बनला. मधून गावं, शेतं आणि रस्ते जातात. अंगरखा एकाच कापडाचा नसून ठिगळं जोडून शिवलेला आहे म्हणा ना.

या तुकड्यांचं गाभा क्षेत्र, ज्याला सगळे कोअर म्हणतात, सुमारे ६५६ चौरस किलोमीटर आहे. आपलं मीरा-भाईंदर शहर अंदाजे ७९ चौरस किलोमीटरचं. म्हणजे आठ मीरा-भाईंदर मावतील एवढं कोअर. आपल्या शहरात २०११ च्या जनगणनेला आठ लाखांवर माणसं होती. तिथल्या आठपट जागेत मोठे वाघ मात्र बोटांवर मोजावेत इतके. ही विषमता नव्हे, वाघाच्या पोटाचा हिशेब आहे. एका वाघाला साधारण आठवड्याला एक मोठी शिकार लागते, वर्षाला चितळ-सांबराच्या आकाराची पन्नासेक जनावरं. ती पन्नास मिळत राहायची तर जंगलात किमान पाचशेचा कळप नांदता हवा, नाहीतर मुद्दलच संपायचं. म्हणून प्रत्येक वाघाला आपापला इलाखा लागतो, आणि तो राखण्यासाठी तो भांडतो, फिरतो, झाडांवर खुणा करतो.

झाडीपट्टीतलं पाणी

या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. भंडारा-गोंदिया म्हणजे तळ्यांचा प्रदेश. गावोगावी 'मामा तलाव' अशी पाटी दिसली की मुंबईकर गोंधळतो. हा कुणाचा मामा नव्हे, 'माजी मालगुजारी' या शब्दांची ही आद्याक्षरं. मालगुजारी पद्धत गेली, तळी सरकारकडे आली, नाव तेवढं उरलं. ती बांधणारे लोक कोहळी समाजाचे. उताराच्या कोणत्या वळणावर बांध घातला तर पाणी अडेल, हे त्यांना नजरेनेच कळायचं. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात बांधला, असं इथे सांगतात. तळं भाताच्या शेतीसाठी होतं. पण पाणी असलं की गवत येतं, गवताला चितळ येतात आणि चितळांमागे वाघ येतो. एका शेतकरी समाजाच्या कसबावर इथला वन्यजीव पिढ्यान्‌पिढ्या पोसला गेला आहे.

नागझिऱ्याच्या नावातही पाणीच आहे. झिरा म्हणजे झरा. उन्हाळ्यातही न आटणारं पाणी आणि भोवताली ऐन, धावडा, बीजा, तेंदू, मोह, साग, बांबू असं पानगळीचं मिश्र रान. जंगलाच्या पोटातलं वनविश्रामगृह वीज नसण्याबद्दल प्रसिद्ध आहे. व्यंकटेश माडगूळकर या रानात मुक्काम करून राहिले आणि 'नागझिरा' याच नावाचं पुस्तक त्यांनी लिहिलं. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून या भागात होते. 'नवेगावबांधचे दिवस' हे त्यांचं पुस्तक त्या काळातलं. चितमपल्लींना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये ते गेले. पर्यटकांच्या नकाशावर नागझिरा ठळक होण्याच्या कितीतरी आधी ते मराठी पुस्तकांच्या कपाटात येऊन बसलं होतं.

गेट उघडल्यावर

सफारी म्हणजे काय होतं ते नीट सांगतो, कारण टीव्हीवर दिसतं ते संपादित असतं.

उजाडायच्या आधी गेटवर जिप्सींची रांग लागते. ओळखपत्रं तपासली जातात, गावातलाच एक गाईड पुढच्या सीटवर बसतो आणि गेट उघडतं. पहिला अर्धा तास कुणी बोलत नाही, कारण थंडी वाजत असते. एप्रिलातसुद्धा पहाटे जंगलात स्वेटर लागतो आणि दहा वाजता तोच स्वेटर नकोसा होतो.

गाईड झाडांकडे बघत नाही. तो रस्त्याकडे बघतो. वाघाच्या पंजाचा तळवा मऊ असतो. काटेरी, दगडाळ रानातून चालण्यापेक्षा गाडीवाटेची धूळ त्याला सोयीची. रात्रभर जो कुणी चालला त्याची नोंद त्या धुळीत असते. आमच्या गाईडने जिप्सी थांबवून एक ठसा दाखवला. कडा अजून ताज्या होत्या, वर एकही पान पडलेलं नव्हतं, एकही किडा चाललेला नव्हता. "पहाटेचा आहे," तो म्हणाला. "मादी." नराचा ठसा चौकोनी, ऐसपैस, मादीचा जरा लांबट, हे त्याने बोटाने हवेत काढून दाखवलं.

पूर्वी असे ठसे काचेवर आणि कागदावर उतरवून वाघ मोजायचे. पद्धत सोपी होती, पण एकच वाघ दोनदा मोजला जाण्याची शक्यता मोठी. राजस्थानातल्या सरिस्कामध्ये एकही वाघ उरलेला नाही, हे २००५ मध्ये उघड झालं आणि मोजणीची पद्धत बदलली. आता वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात. दोन कशाला? कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात, आणि कुठल्याही दोन वाघांचेही सारखे नसतात. दोन्ही कुशींचे फोटो मिळाले की त्या वाघाचं आधारकार्ड तयार झालं. याच पद्धतीने २०२२ च्या गणनेत देशात ३,६८२ आणि महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज निघाला. २००६ मध्ये देशाचा आकडा १,४११ होता.

ठशानंतर कान लावायचे. चितळ धोक्याची तीक्ष्ण शीळ घालतं, पण ते घाबरट, कशालाही ओरडतं. वानर उंचावरून खोकल्यासारखा आवाज काढतं. त्याला वरून दिसतं, म्हणून त्याला थोडा जास्त भाव. सांबराचा 'ढँक' मात्र गाईड लोक प्रमाण मानतात. सांबर उगाच ओरडत नाही. आमच्या डाव्या हाताच्या ओढ्यात सांबर तीन वेळा ओरडलं. जिप्सी बंद झाली. वीस मिनिटं आम्ही बांबूच्या एका बेटाकडे टक लावून बसलो. बेट हललं नाही. मग सांबर गप्प झालं, चितळं पुन्हा चरायला लागली, आणि गाईडने शांतपणे सांगितलं, "गेला."

वाघ पन्नास पावलांवर असावा. आम्ही त्याला पाहिलं नाही, त्याने आम्हाला नक्की पाहिलं.

ज्यांचा फोटो कुणी मागत नाही

परतीच्या वाटेवर पाणवठ्याशी लाल रंगाची हालचाल दिसली. रानकुत्रे, सात. पुस्तकी मराठीत याला कोळसून म्हणतात. नागझिरा त्यांच्यासाठी ओळखला जातो, आणि इथे येऊन वाघ नाही दिसला म्हणून तोंड पाडणाऱ्याला याची कल्पना नसते की रानकुत्र्यांचा कळप दिसणं ही काही कमी नशिबाची गोष्ट नाही.

नाव कुत्रा असलं तरी हा आपल्या गल्लीतल्या मोत्याचा पूर्वज नव्हे. पाळीव कुत्रा लांडग्यापासून आला, रानकुत्र्याची शाखाच वेगळी. त्याच्या तोंडात दातसुद्धा दोन कमी, कुत्र्याचे बेचाळीस तर याचे चाळीस. तो भुंकत नाही, शिट्टी घालतो. दाट रानात पांगलेला कळप या शिट्ट्यांवर एकत्र येतो. शिकार पडली की पिल्लांना आधी खाऊ देतात. इंग्रजी अमदानीत रानकुत्रा मारणाऱ्याला बक्षीस मिळे, कारण साहेबाच्या शिकारीची हरणं तो खातो असा त्याच्यावर आळ होता. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो संरक्षित झाला. एकाच जनावरावर एकदा इनाम, एकदा संरक्षण. जनावर तेच राहिलं, आपली नजर बदलली.

त्या सकाळी आम्ही आणखी रानगव्यांचा कळप, झाडाच्या ढोलीवर नखांचे ओरखडे ठेवून गेलेल्या अस्वलाची खूण, एक सर्पगरुड आणि लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक पाहिला. दुपारच्या फेरीतही वाघ दिसला नाही. एका छोट्या सफारीचा ताळेबंद एवढाच. तरीही या जंगलाबद्दल सांगण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट वाघाचीच आहे. तो वाघ इथे राहिला नाही, इथून निघून गेला.

जय

२०१० च्या सुमारास नागझिऱ्यात माई नावाच्या वाघिणीला पिल्लं झाली. त्यांतल्या दोन नरांना लोकांनी 'शोले'वरून नावं दिली, जय आणि वीरू. वाघीण पिल्लांना साधारण दोन वर्षं सांभाळते. मग नरांना घर सोडावं लागतं. बापाच्या इलाख्यात दुसऱ्या तरण्या नराला जागा नसते. २०१३ मध्ये जय नागझिऱ्यातून नाहीसा झाला. काही काळाने नागपूर-भंडारा सीमेवरच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक भलादांडगा वाघ दिसायला लागला. पट्टे जुळवून पाहिले, तो जयच होता.

नकाशावर बोट ठेवून पाहा. नागझिरा वैनगंगेच्या पूर्वेला, कऱ्हांडला पश्चिमेला. म्हणजे नदी त्याने ओलांडलीच. नागपूर-रायपूर महामार्ग ओलांडला. भाताची शेतं, गावांच्या पांदी, कालवे ओलांडले. ही वाट सुमारे १३० किलोमीटरची मानतात. एवढं अंतर एक पूर्ण वाढलेला वाघ माणसांच्या वस्तीतून चालत गेला.

कऱ्हांडला अभयारण्य २०१२ साली जाहीर झालं होतं. पर्यटकांना त्याचं नावही माहीत नव्हतं. जय आला, त्याला वाघिणी मिळाल्या, पिल्लं झाली, आणि आजूबाजूच्या गावांत जिप्सी, गाईड, खानावळी उभ्या राहिल्या. एका वाघाच्या स्थलांतराने एका जंगलाची अर्थव्यवस्था उभी केली. त्याला रेडिओ कॉलर लावली. १८ एप्रिल २०१६ नंतर कॉलरचा सिग्नल आला नाही. शेकडो माणसं त्याला शोधत गावोगाव फिरली. जय सापडला नाही, त्याचा मृतदेहही सापडला नाही. त्याचा मुलगा श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीडजवळ मेलेला सापडला. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या तारेने त्याचा जीव घेतला होता.

नागभीड म्हणजे गोंदियाहून दक्षिणेला जाणाऱ्या फाट्यावरचं तेच स्टेशन, आठवतं ना? बाप नागझिऱ्यात जन्मला, मुलगा त्याच लाइनवर पुढच्या जंक्शनजवळ मेला.

वाटा कशाला हव्यात

इथे वाचक विचारेल की वाघांना प्रवास हवाच कशाला? प्रत्येक जंगलाला चांगलं कुंपण घाला, पाणी द्या, हरणं वाढवा, वाघ आपापल्या घरी सुखाने राहतील.

तसं होत नाही. लहान जंगलात दहा-पंधरा वाघ कोंडले, तर चार-पाच पिढ्यांत सगळे एकमेकांचे नातलग होतात. आपल्याकडे सगोत्र विवाह का टाळत आले, ते आठवा. रक्त तेच ते फिरत राहिलं की दोष वर येतात, पिल्लं जगत नाहीत, साथीचा एक आजार सगळ्यांना एकदम नेतो. त्यात दर दोन वर्षांनी घराबाहेर पडणारे तरुण नर आहेतच. त्यांना वाट मिळाली नाही, तर ते एकमेकांना मारतात किंवा गावात शिरतात.

बंगळूरच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रातल्या संशोधकांनी मध्य भारतातल्या जंगलांमधून वाघांची विष्ठा गोळा केली आणि तिच्यातल्या डीएनएवरून नाती शोधली. वाघाला हात न लावता त्याची वंशावळ काढण्याची ही युक्ती. त्यातून कळलं की कान्हा, पेंच, नागझिरा, ताडोबा ही जंगलं माणसाच्या नकाशावर सुटी असली तरी वाघांच्या रक्तात अजून जोडलेली आहेत. आणि हेही कळलं की दाट वस्ती आणि वाहता महामार्ग मधे आला की ती जोडणी कमकुवत होते. नागझिऱ्यासारखं मधलं जंगल इथे कामाला येतं. इथे वाघ कमी असतील, पण उत्तरेचा वाघ दक्षिणेला जाताना चार दिवस टेकतो तो इथे. ताडोबातल्या गर्दीतून बाहेर पडलेल्या नराला पुढची गाडी इथे मिळते. वाघ दिसण्याच्या हिशेबात हे जंगल मागच्या बाकावर बसतं, वाघ टिकण्याच्या हिशेबात पहिल्या.

जंक्शन मोडायला मोठा घाव लागत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर, मुर्दोलीच्या जंगलात, रात्री एका मोटारीने एका तरुण वाघाला उडवलं. पाय ओढत झुडपात शिरणाऱ्या त्या वाघाचा व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेल. उपचारासाठी नागपूरला नेताना तो वाटेतच मेला.

उपाय माहीत नाही असंही नाही. नागपूरहून शिवनीकडे जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. तिथे न्यायालयात आणि कार्यालयांत वर्षानुवर्षं भांडण झाल्यावर रस्ता खांबांवर उचलला गेला आणि जनावरांसाठी नऊ ठिकाणी खालून वाट ठेवली. वर ट्रक, खाली चितळ. २०१९ मध्ये काही महिने तिथे कॅमेरे लावले, तेव्हा अठरा जातींचे प्राणी त्या वाटांनी जाताना टिपले गेले. त्यात वाघ ८९ वेळा. वाघाला पूल समजावून सांगावा लागला नाही.

नागझिऱ्यात आणखी एक अडचण होती. तरुण नर येत-जात राहिले, पण पिल्लं देणाऱ्या वाघिणी कमी पडल्या. म्हणून २० मे २०२३ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी भागातून दोन वाघिणी आणून इथे सोडल्या, गळ्यात कॉलर घालून. पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तिसरी आली. ब्रह्मपुरीकडे वाघ आणि माणसं एकमेकांच्या अंगावर येऊ लागली आहेत आणि नागझिऱ्यात जागा रिकामी आहे, असा सरळ हिशेब. पण पिंजऱ्यातून, ट्रकमधून आणलेली वाघीण ही शेवटी सरकारी बदली झाली. जय जसा गेला तसं आपल्या पायांनी जाणं हेच खरं. ती वाट राखली, तर बदलीचे हुकूम काढावे लागणार नाहीत.

तुम्ही जाणार असाल तर

पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, कोअर बंद असतं. ऑक्टोबर ते जानेवारीत रान हिरवं, पाखरं भरपूर आणि थंडी कडक. मार्चपासून पानं गळतात, जनावरं पाण्यावर येतात, दिसण्याची शक्यता वाढते आणि उन्हाचा ताप तेवढाच वाढतो. आरक्षण वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरच करा आणि कुठलं गेट घेता आहात ते नीट पाहा. चोरखमारा गेट तिरोड्याकडून जवळ, पिटेझरी साकोलीकडून. चुकीचं गेट पदरात पडलं तर पहाटे अंधारात जंगलाला वळसा घालावा लागतो. खाकी, मातकट कपडे घाला. अत्तर आणि मोबाईलचा आवाज दोन्ही खोलीवर ठेवा. ड्रायव्हरला जास्त पैशांचं आमिष दाखवून वाघाच्या जवळ न्यायला सांगू नका, त्याची नोकरी जाते.

आणि मुक्काम गावात करा. हॉटेलच्या आवारातल्या नकली झोपडीपेक्षा गेटजवळच्या गावातल्या घरात भाकरी खा. जंगलाला लागून राहायचं म्हणजे काय, ते तिथे कळतं. रात्री शेतावर जागलीला जाणारा माणूस, मोह वेचायला पहाटे एकटी न जाता चौघीचौघींनी निघणाऱ्या बाया, वाघाने गाय नेली तर भरपाईचा अर्ज कुठे द्यायचा हे पाठ असलेली मुलं. वाघ टिकतो तो या लोकांच्या सोसण्यावर. तुमच्या तिकिटातले चार पैसे त्यांच्या अंगणात पडले, तर ते सोसणं थोडं हलकं होतं.

परत घोडबंदरला

परतीच्या प्रवासात सकाळी ठाण्याला उतरून आम्ही पुन्हा त्याच रस्त्याने काशिमिऱ्याकडे निघालो. गायमुख ओलांडलं, खाडी उजव्या हाताला आली आणि मला आजोबा आठवला.

आजोबा हे एका बिबट्याचं नाव. २००९ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, टाकळी ढोकेश्वरला, तो विहिरीत पडला. बाहेर काढून, विद्या अत्रेय या संशोधिकेने त्याच्या गळ्यात कॉलर घातली आणि त्याला माळशेज घाटाजवळ सोडलं. महिन्याभराच्या आत तो सुमारे १२० किलोमीटर चालला. मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, कसाऱ्याजवळ रेल्वेचे रूळ ओलांडले, आणि शेवटी वसईची खाडी पोहून पलीकडे बाहेर पडला तो आपल्या नागला ब्लॉकमध्ये. जयच्या आधी चार वर्षं, मीरा-भाईंदरच्या वेशीवर. पुढे त्याच्यावर मराठी चित्रपटही निघाला. पण आजोबा तोवर राहिला नव्हता. डिसेंबर २०११ मध्ये रस्त्यावर एका वाहनाने त्याला उडवलं.

म्हणजे जंक्शन फक्त गोंदियाला नाही. नागला ब्लॉक हे तुंगारेश्वरचं रान आणि संजय गांधी उद्यान यांच्यामधलं एक छोटं हॉल्ट स्टेशन आहे. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला घोडबंदर रस्ता. खाडी बिबट्या पोहून जातो. रस्त्याचं काय करायचं, ते त्याला कळत नाही. नागझिऱ्याला जाऊन वाघ दिसला नाही तरी चालेल, पण रात्री उशिरा गायमुखचं वळण घेताना वेग चाळीसवर आणा आणि कडेच्या झाडीत दोन डोळे चमकले, तर हॉर्न न वाजवता दिवे मंद करून थांबा. एक मिनिट जाईल. पलीकडे जाणारा पुढच्या गाडीच्या प्रतीक्षेत असेल.